तांब्याची जमीन

बीडच्या जलालुद्दीन कलईगारासमोर नवसागराला कुणी नावं ठेवली, की तो त्या माणसाचं भांडं तसंच परत करी. एरवी माणूस मऊ. गिऱ्हाइकानं कितीही घासाघीस केली तरी हसून सोडून देणारा. पण धुराचा वास येतो, खोकला लागतो, असं कुणी नाकाला पदर लावून म्हणालं, की त्याचं डोकं शेगडीच्या आधी तापायचं. तांब्याचं पातेलं विस्तवावर धरायचं, चिमूटभर नवसागर मारायचा, पांढरा लोट उठला की कथलाची काडी टेकवायची आणि कापसाच्या बोळ्यानं ते कथील आतून फिरवायचं. काळं पडलेलं पातेलं बघता बघता चांदीचं होई. नवसागर तांब्याचा मळ खातो, म्हणून कथील धरतं. हे त्याला बापानं शिकवलं होतं, बापाला आज्यानं. कलई झाली की भांडं पाण्यानं खळखळून धुवायचं, हेही शिकवलं होतं. ते कशासाठी, हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं आणि यानंही कधी विचारलं नव्हतं.

घरात तो आणि त्याची लेक गौसिया. बायको पटकीच्या साथीत गेली, तेव्हापासून गौसियाच घर सांभाळी. लेकीला परक्या घरी धाडायचं त्याच्या जिवावर आलं, म्हणून त्यानं जावईच घरात आणला. सलीम मूळचा नेकनूरचा. आईबाप लहानपणीच गेलेले, पेरू-सीताफळं विकणाऱ्या चुलत्यानं वाढवलेला. चुलताही लढाईच्या सालात वारला. सलीम फौजेत गेला, तिथं बिनतारी संदेशाचं काम शिकला आणि लढाई संपल्यावर धडधाकट परत आला, हेच मोठं नवल होतं. पोरगा अगदी हळू बोलायचा. वायरलेसवर ओरडलं की आवाज फाटतो, त्यामुळं ती सवय लागलेली. "अवो, मी हितंच हाय, चुलीपाशी. दिल्लीला न्हाई," असं म्हणून गौसिया त्याची थट्टा करायची. जलालुद्दीन दुकानात बसून ऐकायचा आणि मनातल्या मनात अल्लाचे आभार मानायचा.

त्याच सुमारास बीडच्या जहागीरदार साहेबांना मोटारींचा कंटाळा आला आणि त्यांनी विमान घेतलं. लढाईत वापरून टाकून दिलेलं, दोन माणसांचं, लाकडाच्या सांगाड्यावर कापड ताणून रोगण चढवलेलं. नेकनूरच्या रस्त्याला गायरान सपाट करून ते तिथं उतरवलं. पहिल्या दिवशी अर्ध्या बीडनं दुकानं बंद ठेवली होती. श्रीमंतांच्या हौसेला कारण लागत नाही, पण सांगायला एक कारण होतं. जहागीरदारांची गावं गंगथडीला, उमापूरच्या पलीकडं. गोदावरीला तिकडं सगळे गंगाच म्हणतात. गंगेला पूर आला की गावं तुटायची, निरोप पोचायचा नाही. विमानातून पाणी बघायचं आणि खाली कळवायचं, असा बेत होता. विमान चालवायला एक कप्तान ठेवला. कळवायला वायरलेस हवा आणि वायरलेसला माणूस हवा. तो माणूस सलीम.

आता विमानावर वायरलेस बसवणं म्हणजे भिंतीवर घड्याळ टांगणं नव्हे. हैदराबादेहून एक इंजिनिअर आला. त्याला तांब्यात हात बसलेला कारागीर पाहिजे होता. सलीमनं हळूच सांगितलं, "आमचे अब्बा हायेत."

इंजिनिअर हुशार होता, पण घाईचा. त्यानं विमानाच्या पाठीवरचं कापड उसवून आतला सांगाडा दाखवला आणि म्हणाला, "मिस्त्री, जमिनीवरच्या रेडिओची एक तार आपण जमिनीत पुरतो. आभाळात जमीन कुठून आणायची? पत्र्याचं विमान असलं तर पत्राच जमीन होतो. हे कापडाचं. म्हणून आपण याला तांब्याची जमीन करून द्यायची."

वर एरियलची उभी काठी बसणार होती. तिच्या बुडाशी, कापडाच्या खाली, तांब्याच्या पट्ट्या चौफेर पसरायच्या, गाडीच्या चाकाचे आरे पसरतात तशा. सगळ्या पट्ट्या मधोमध, चाकाला असतो तशा एका तुंब्यात एकत्र आणायच्या आणि कथलाचा डाख देऊन एकजीव करायच्या. जलालुद्दीनला ही गोष्ट फार आवडली. जमीन नसलेल्याला जमीन करून देणं, हे त्याच्या मनाला भिडलं. त्यानं पट्ट्या ठोकून अशा सरळ केल्या की इंजिनिअरही दोनदा बोट फिरवून गेला.

"डाख राळेनं द्यायचा," इंजिनिअर म्हणाला. "नवसागर या तांब्याला लागता कामा नये."

"कावून, साहेब?"

"कावून म्हणजे? नाही म्हणजे नाही."

त्या शिकल्यासवरल्या माणसानं तिथं दोन वाक्यं जास्त बोलायची होती. नवसागर मागं राहिला आणि त्याला ओल लागली की तो तांबं आतून खात राहतो, एवढंच तर सांगायचं होतं. जलालुद्दीन काही दगड नव्हता, त्याला कळलं असतं. पण हुकूम देणाऱ्याला कारण सांगणं कमीपणाचं वाटतं आणि ज्याला कारण सांगितलं नाही तो आपल्या अकलेनं चालतो. जगात निम्मे घात असेच होतात.

बारीक तारांचे सांधे इंजिनिअरनं स्वतः राळेनं दिले. ते छान बसले. मधला तुंबा तेवढा राहिला आणि त्याला हैदराबादेहून बोलावणं आलं. "एवढं तू उरक. आता काय उरलंय त्यात?" असं म्हणून तो मोटारीत बसला आणि गेला.

जलालुद्दीननं राळेनंच सुरुवात केली, हे त्याच्या बाजूनं सांगायला हवं. पण तुंब्यात जाड पट्ट्यांची चळतच होती. लाल केलेलं हत्यार टेकवलं की तांबं सगळी धग पिऊन टाकायचं. राळ नुसती धुरायची, तपकिरी डाग पडायचा आणि कथलाची गोळी वर घरंगळत राहायची. थंड झाल्यावर त्यानं पट्टी चिमटीत धरून ओढली. ती सुटून हातात आली. पुन्हा केलं. पुन्हा सुटली. या सांध्याच्या भरवशावर सलीम वर जाणार होता. विमानाला वर काय हिसके बसत असतील, कोण जाणे. आपल्या दोन बोटांनी सुटणारा सांधा तिथं काय टिकणार?

नको म्हटलंय ते बारीक तारांसाठी असेल, असं त्यानं स्वतःला समजावलं. नाजूक कामाला नवसागर कडकच, पण या जाड पट्ट्यांना काय होतंय? आज्यानं कलई केलेले हंडे अजून लोकांच्या घरात आहेत. त्यानं पिशवीतून डबी काढली. चिमूटभर नवसागर पडला, ओळखीचा पांढरा धूर नाकात गेला आणि कथील पट्ट्यांमधून सरसरत पसरलं. थंड झाल्यावर त्यानं दोन्ही हातांनी ओढून पाहिलं. सांधा हलला नाही. भांडं असतं तर त्यानं धुतलं असतं. इथं लाकडाच्या पोटात पाणी कसं ओतणार? ओल्या कापसानं पुसून घेतलं आणि त्याला हायसं वाटलं.

सलीम बघायला आला. वाकून बघितलं, बोट फिरवलं.

"अब्बा, राळेनं एवढं चकाकतं व्हय?"

जलालुद्दीननं डबी पिशवीत सारली. खरं सांगितलं तर पोरगा इंजिनिअरला तार करील, काम उसवावं लागेल, आणि पुन्हा तो दोन बोटांनी सुटणारा सांधा. "हात बसलेला असला की चकाकतं," तो म्हणाला. "राळच हाय. दुसरं काय असतंय?"

सलीमनं मान डोलावली. सासऱ्याच्या हाताबद्दल शंका घ्यायची त्याची काय बिशाद! वरून कापड ताणलं गेलं, रोगणाचे हात चढले, आणि तो सांधा झाकला गेला.

पहिल्या दिवशी विमान लिंबागणेशच्या बाजूला गेलं, ठिपका झालं आणि दिसेनासं झालं. इकडं गायरानावरच्या झोपडीतल्या संचातून सलीमचा आवाज आला, त्याच्या त्याच हळू सुरात, जणू पलीकडच्या खोलीतून बोलावं तसा. खाली गणपतीच्या देवळाचं शिखर दिसतंय, म्हणाला. झोपडीत बसलेल्या गौसियानं तोंडावर पदर दाबला आणि ती हसू लागली, मग रडू लागली. जहागीरदारांनी जलालुद्दीनच्या पाठीवर हात ठेवला. तो दिवस त्याच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा दिवस होता.

उन्हाळाभर काही झालं नाही. आवाज खणखणीत यायचा. उमापूरलाही गायरानावर एक पट्टी सपाट केली, दुसरा संच बसवला आणि तिथं गहिनीनाथ नावाचा शिकलेला तरुण ठेवला. राखणीला आश्रुबा होता, जहागीरदारांच्या वाडवडलांपासूनच्या चाकरीतला. विमान उमापूरला आलं की सगळं गाव पळत सुटायचं. गडी डोक्यावरचे पटके सोडून हवेत फिरवायचे, पोरं पट्टीच्या कडेनं धावायची. कप्तानाला ते आवडायचं. उतरण्याआधी तो मुद्दाम एक घिरटी जास्त घ्यायचा.

पावसाळा लागला. कापडाला कितीही रोगण द्या, ओल आत जातेच. आषाढात सलीम जेवता जेवता म्हणाला, "अब्बा, आवाजात खरखर यायलीय. जरा हिसका बसला की तुटल्यावानी व्हतंय, मंग परत येतंय."

जलालुद्दीनचा घास हातात राहिला. "बॅटरी बदलून बघितली का?"

"बदलली. तरी हायेच. एकदा तुमच्या सांध्यावरचं कापड उसवून बघावं म्हनलं."

"सांध्याला काय झालंय? दोन्ही हातानं वढून बघितलाय म्या." बोलणं जरा जास्तच जोरात झालं. गौसियानं वर बघितलं. मग तो खाली मान घालून म्हणाला, "पावसात कापड उसवलं तर नवं रोगण वाळायचं न्हाई. पाऊस उघडू दे. मंग मीच उसवतो."

हे खोटं नव्हतं. ओल्या हवेत रोगण वाळत नाही, हे खरंच होतं. पण खरी गोष्ट वेगळी होती आणि ती त्याला ठाऊक होती. कापड उसवलं की सांधा दिसणार, सांध्यात काय दिसेल ते त्याला सांगता येत नव्हतं आणि सलीमनं विचारलेला तो प्रश्न पुन्हा समोर येणार होता. जावयासमोर खोटं पडायची लाज वाटत होती. एवढीशी लाज! रोज उठून तो ठरवायचा की आज सांगू. रोज सलीम दारातून निघताना हळूच सलाम करून जायचा आणि हा शेगडी फुंकत बसायचा. विमान गेलं की ते परत येईपर्यंत त्याचा जीव टांगणीला लागायचा. हाताखालचं पातेलं जळून जायचं. गिऱ्हाइकं कुरकुरायला लागली की चाचाचं लक्ष उडालंय.

भाद्रपदात गंगेला पूर आला. उमापूरच्या संचाचा खांब वाऱ्यानं वाकला म्हणून जलालुद्दीनला आदल्या दिवशीच बैलगाडीनं तिकडं धाडलं होतं. खांब उभा करून तो सकाळी झोपडीबाहेर आला आणि गायरानाकडं बघतच राहिला. हिरवंगार गवत वाऱ्यावर हलत होतं. दिसायला इतकं साजरं की कुणालाही वाटावं, आत्ताच येऊन उतरावं. आश्रुबा काठी टेकत त्यात शिरला. काठी निम्मी आत गेली.

"जलालभाई, समदा चिखूल हाय खाली. वरून गवत दिसतंय नुसतं," आश्रुबा म्हणाला. "हितं बैल बी उभा ऱ्हायचा न्हाई. इमानाला सांगा, खाली येऊ नगं म्हनावं."

गहिनीनाथ संचावर बसला. विमान बीडहून निघाल्याचा निरोप तिथल्या संचावरून आला होता. "सलीमभाई, उमापूर बोलायलंय. उतरू नका. पट्टीवर चिखूल हाय. माघारी फिरा." तो थांबून ऐकायचा, पुन्हा तेच बोलायचा. संचातून नुसती फसफस येत होती.

"चाचा, तुमचा खांब बरुबर हाय ना?"

"बीडचा आवाज येतोय ना तुला? मंग खांबाला काय झालंय?" जलालुद्दीन म्हणाला आणि बोलता बोलता त्याच्या ध्यानात आलं. बीडचं ऐकू येतं, बीडला इथलं ऐकू जातं, आणि मधल्या आभाळातलाच एक माणूस मुका झालाय. म्हणजे बिघाड इथं नाही, तिथंही नाही. बिघाड वर आहे. त्याच्या हातच्या कामात आहे.

विमानाचा आवाज आला तेव्हा ढग फाटले होते आणि ऊन पडलं होतं. कप्तानानं आधी गंगेवरून एक फेरी मारली, मग ते गावाकडं वळलं. जलालुद्दीननं डोक्याचं फडकं काढलं आणि तो पट्टीकडं धावत सुटला. आश्रुबानं पटका सोडला. गावातले गडी धावत आले, त्यांनीही पटके सोडले. सगळे जिवाच्या आकांतानं पटके फिरवू लागले, ओरडू लागले, उतरू नगा, उतरू नगा. पोरं चिखलातून कडेनं धावू लागली.

वरून काय दिसलं असेल? रोज दिसायचं तेच दिसलं. उमापूरचं गाव पटके फिरवत सामोरं आलंय.

कप्तानानं नेहमीसारखी एक घिरटी जास्त घेतली. पुढच्या बाकावर बसलेला सलीम जलालुद्दीनला दिसला. कानावर हेडफोन, मान खाली, हातानं काहीतरी फिरवत होता, पुन्हा पुन्हा फिरवत होता. त्यानं वर बघितलंच नाही. बघितलं असतं तर कदाचित सासऱ्याचा चेहरा वाचला असता.

जलालुद्दीन पट्टीच्या मधोमध जाऊन उभा राहिला. मला बघून तरी वर जातील, एवढाच विचार होता. पण गुडघाभर चिखलानं पाय धरले आणि तो आडवा झाला. गवतात पडलेला माणूस वरून कुणाला दिसणार? विमान त्याच्या डोक्यावरून गेलं. चाकं गवताला टेकली आणि तिथंच रुतली. शेपूट उभं राहिलं, क्षणभर तसंच राहिलं, मग सगळं विमान पाठीवर पडलं.

कप्तान मागच्या बाकावर होता, त्याचा पाय मोडला. सलीम पुढं होता. त्याला चिखलातून ओढून काढला तेव्हा त्याच्या कानावरचे हेडफोन तसेच होते.

पुढचं फार सांगण्यासारखं नाही. माती झाली. गौसिया इद्दतीत, विधवेच्या एकांताच्या दिवसांत बसली, पांढऱ्या कपड्यात, मागच्या खोलीत. तिचं वय तरी काय होतं! विमानाचा सांगाडा बैलगाड्यांवर घालून बीडला आणला आणि गायरानावर टाकला. हैदराबादेहून तोच इंजिनिअर चौकशीला आला. त्यानं कप्तानाच्या खाटेपाशी बसून विचारलं. कप्तान म्हणाला, सलीमला काही केल्या संच लावता आला नाही. खालचा निरोप मिळेना, पण गाव पटके फिरवत होतं, म्हणून मी उतरलो. इंजिनिअरनं संच उघडून बघितला. संच शाबूत होता. मग त्यानं ठरवून टाकलं की चूक संच चालवणाऱ्याची. फौजेत काही महिने शिकून आलेला पोरगा, घाबरला असेल, वेळेवर हात चालला नसेल. कापड उसवून बघायचं त्याला सुचलं नाही, का सुचूनही त्यानं टाळलं, हे त्याचं त्यालाच माहीत. तुंबा अर्धा टाकून निघून गेला होता, तो तोच होता.

गावाला तेवढं पुरे होतं. सलीमला काम येत नव्हतं, असं बाजारात लोक बोलू लागले. कप्तानालाही घेऊन मेला असता, म्हणाले. पाणवठ्यावर बोललं गेलं, मशिदीच्या पायऱ्यांवर बोललं गेलं. ते गौसियाच्या खोलीपर्यंत पोचायला वेळ लागला नाही.

"अब्बा," ती आतून म्हणाली. "लोकं काय म्हनायलेत ते तुमी ऐकलं?"

"ऐकलं."

"त्यांना काम येत न्हवतं व्हय? रातंदिस तेच तर करायचे. तुमी त्या इंजिनिअरला कावून सांगत न्हाई? तुमाला तर समदं ठावं हाय. तुमच्या हातचं काम हाय ते."

तिनं हे भरवशानं म्हटलं. दुनियेत तिला बोलायला आता एकच माणूस उरला होता आणि तो तिचा बाप होता.

जलालुद्दीन उठून गायरानावर गेला. मोडलेल्या सांगाड्यावर चिमण्या बसल्या होत्या. त्यानं खिशातल्या चाकूनं पाठीवरचं कापड चिरलं. पट्ट्या होत्या तशा होत्या, त्याच्या हातानं सरळ केलेल्या. तुंबा मात्र हिरवा झाला होता आणि त्यावर पांढरी पूड धरली होती. त्यानं एक पट्टी चिमटीत धरली. ओढायचीही गरज पडली नाही. ती आपसूक सुटून आली. खालचं तांबं कुरतडल्यासारखं झालं होतं. तो तिथंच गवतात बसला आणि लहान पोरासारखा रडला. पट्टी विहिरीत टाकून द्यावी, असं एकदा मनात आलंच. आलं नाही असं कशाला म्हणा? कुणाला कधी कळलं नसतं.

ती पट्टी घेऊन तो जहागीरदारांच्या बंगल्यावर गेला. इंजिनिअर ओसरीत चहा पीत होता. जलालुद्दीननं पट्टी त्याच्या पुढ्यात ठेवली.

"साहेब, नवसागर म्या लावला. तुमी नगं म्हनला व्हतात. सलीमनं इचारलं तर राळ हाय म्हनलो. पोराची काही चूक न्हाई. तेवढं तुमी लोकांना सांगा."

इंजिनिअरचा चेहरा उतरला. त्यानं पट्टी उचलली, हिरव्या डागावर नख फिरवलं आणि दाराकडं बघून आवाज खाली आणला. "मिस्त्री, हैदराबादला सगळं कळवून झालंय. आता हे निघालं तर पहिला प्रश्न मला येईल, की शेवटचा सांधा तू का नाही बघितलास. आणि दुसरा तुला. तू तुरुंगात जाशील. लेकीला कोण बघणार?"

"पन सलीमचं नाव..."

"सलीम गेला," इंजिनिअर म्हणाला. "मेलेल्या माणसाला नावाचं काय?" आणि पट्टी त्यानं आपल्या पेटीत टाकून पेटीला कुलूप लावलं.

जलालुद्दीन नंतर जहागीरदारांनाही भेटायला गेला. ते म्हणाले, आता विमानाचं नाव माझ्यासमोर काढू नकोस. मशिदीच्या पायऱ्यांवर त्यानं चार माणसांना सांगायचा प्रयत्न केला. म्हातारा जावयाचं पाप आपल्या अंगावर घेतोय, म्हणून त्यांनी त्याची कीव केली. एकानं त्याचे हात हातात घेतले. "जलालभाई, तुमच्या हाताला कधी खोट न्हवती," तो म्हणाला. खरं बोलूनही कुणी विश्वास ठेवू नये, याहून वाईट शिक्षा काय असते?

संध्याकाळी तो घरी आला आणि मागच्या खोलीच्या उंबऱ्याशी बसला. गौसिया भिंतीला टेकून बसली होती. त्यानं तिच्याकडं न बघता सगळं सांगितलं. राळ कशी धरत नव्हती, नवसागर कसा काढला, कापसानं कसं पुसलं. आषाढात सलीम कापड उसवू म्हणाला तेव्हा आपण त्याला कसं गप्प केलं. काही राखून ठेवलं नाही. बोलता बोलता त्याला वाटत होतं, आता ही किंचाळेल, अंगावर येईल, काहीतरी फेकून मारील. तो त्याचीच वाट बघत होता.

 गौसियानं एवढंच विचारलं, "त्यांनी तुमाला इचारलं व्हतं? राळ हाय का म्हनून?"

"इचारलं व्हतं."

"आन तुमी हाय म्हनलात."

"हौ."

ती उठली. चुलीपाशी गेली. भाकरी थापल्याचा आवाज येत राहिला. जलालुद्दीन तिथंच बसून राहिला. उठावं का, बाहेर जावं का, नदीकडं जावं का, त्याला काही सुचेना. थोड्या वेळानं तिनं ताट आणून त्याच्यापुढं ठेवलं. भाकरी होती, वरण होतं, कोपऱ्यात तिखट होतं, रोजच्यासारखं.

"गौसिया, बेटी," तो हात जोडून म्हणाला, "काही तरी बोल. शिव्या दे. मला हाकलून दे घरातून."

"घर तुमचं हाय, अब्बा," ती म्हणाली. आवाज एवढा हळू की तो पुढं झुकला. "मीच गेले असते. मला जायाला दुसरं घर न्हाई."

ती समोर बसली. त्याचं जेवण झाल्याशिवाय ताट उचलता येणार नव्हतं, म्हणून बसली. जलालुद्दीननं भाकरीचा तुकडा मोडला आणि तो जेवू लागला.